रुतलेली उसाची ट्रॉली आणि मिलिटरीचा जुना ट्रक : ओढायची ताकद नेमकी येते कुठून?

पलूस : कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्या नदीकाठच्या पाणंदीत एक चित्र ठरलेलंच. शेजारच्या रानात पाणी सोडलेलं, पाणंद झिरपून लोण्यासारखी मऊ झालेली आणि भरलेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागची ट्रॉली एका अंगाला हबपर्यंत रुतलेली. भिलवडी घ्या, अंकलखोप घ्या, आमणापूर-बुर्ली घ्या, काळ्या रानाची सगळीकडे हीच तऱ्हा. दुसरा ट्रॅक्टर येतो, साखळी लागते, हिसके बसतात, चाकं आणखी खाली जातात. भोवती दहा-पंधरा माणसं, त्यातली निम्मी मोबाईलवर शूटिंग करत. मग कुणीतरी म्हणतंच, "मिलिटरीचा ट्रक पाहिजे होता राव, एका दमात काढला असता!"

हे म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं नाही तर माणूस जातो, म्हणून हा लेख.

आधी खरा भाग. लष्कराचे ट्रक आपल्या मालवाहू ट्रकपेक्षा वेगळे असतात. साध्या ट्रकला फक्त मागची चाकं ढकलतात, यांना चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. मुख्य गिअरबॉक्सशिवाय आणखी एक गिअरबॉक्स असतो. त्याचा 'लो' टाकला की ट्रक माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश, पण दमदार सरकतो. पोट जमिनीपासून उंच, टायरची नक्षी खोल. काही गाड्यांना विंचही असते, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणारा वायररोपचा ड्रम. 2019 च्या महापुरात लष्कराच्या गाड्या सांगली भागात आल्या, तेव्हा त्यांची उंची आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहे.

आपल्याकडचा प्रसिद्ध मिलिटरी ट्रक म्हणजे 'शक्तिमान'. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून तो जबलपूरला तयार होऊ लागला आणि 1996 पर्यंत निघत राहिला. त्याच्या पुढच्या पिढीत अशोक लेलँडचा 'स्टॅलियन' आणि टाटाच्या चारचाकी जोराच्या गाड्या आल्या. सैन्यातून निघालेले शक्तिमान ईशान्येकडच्या डोंगरी राज्यांत आजही लाकूड आणि माल वाहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्येही हेच झालं. तोफा ओढायला केलेले 'मॅटाडोर' ट्रक युद्ध संपल्यावर विकले गेले आणि गॅरेजवाल्यांनी ते बंद पडलेल्या, खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढायला घेतले. पुढे कित्येक वर्षं ते त्याच कामावर होते. आपल्याकडेही जुनी माणसं 'डिस्पोजलचा ट्रक' म्हणायची, तो याच मालातला.

आता हिशेब बघा. गडबड इथेच होते.

ट्रक किती ओढेल हे इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर कमी आणि टायरखालच्या जमिनीवर जास्त ठरतं. समजा ट्रकचं वजन 6 टन आहे. कोरड्या, घट्ट रस्त्यावर उभा असेल तर तो साडेतीन-चार टनांचा ओढ देईल. तोच ट्रक ओल्या काळ्या मातीत उतरवला तर ओढ दोन टनांवर येते, कधी त्याहून खाली. मग त्याचीही चाकं जागेवर फिरतात आणि आता दोन गाड्या काढायच्या असतात. म्हणून पहिला नियम असा की ओढणारी गाडी चिखलात न्यायची नाही. ती डांबरीवर किंवा मुरमावर उभी करायची आणि रोप लांब घ्यायचा.

आता ट्रॉलीकडे या. एका ट्रॉलीत 10 टन ऊस धरा, ट्रॉलीचं स्वतःचं वजन 2 टन, झाले 12 टन. अमेरिकी सैन्याच्या नियमपुस्तकात यासाठी एक सोपा आडाखा दिलेला आहे. गाडी हबपर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतका ओढ लागतो. मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट आणि केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे आपल्या हबपर्यंत गेलेल्या ट्रॉलीला 12 टन ओढ पाहिजे आणि रस्त्यावर उभा असलेला मिलिटरी ट्रक देणार चार टन. जमेल का? नाही. 'एका दमात' वगैरे काही नसतं.

मग लष्कर काय करतं? तीन गोष्टी करतं, आणि त्यातली एकही आपल्या आवाक्याबाहेरची नाही.

पहिली म्हणजे वजन कमी करणं. पुढची चांगली ट्रॉली सोडवून बाजूला घ्या आणि रुतलेलीतल्या मोळ्या उतरवा. हे कुणालाच नको असतं. टोळीला मजुरी टनावर मिळते, उतरवून परत भरायचे पैसे कोण देणार? आणि तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, ते शेतकऱ्याच्या अंगावर. पण निम्मा ऊस उतरवला की 12 टनांचे 7 टन होतात. सगळा उतरवला तर 2 टनच राहतात, मग साधा ट्रॅक्टरही पुरतो. टोळीला चहापाणी आणि वरचे चार पैसे देणं तुटलेल्या अॅक्सलपेक्षा स्वस्त पडतं, हे आमचं स्पष्ट मत.

दुसरी गोष्ट खोदाई. चाकाच्या पुढची माती फावड्याने उतरती काढा, म्हणजे चाकाला चढ मिळेल. मागून आणि बाजूने चर काढला की माती धरून ठेवत नाही. समोर फळ्या टाका किंवा मुरूम टाका. हा अर्धा तास कुणी देत नाही आणि मग पुढे चार तास जातात.

तिसरी गोष्ट कप्पी. इथे मोट आठवा. विहिरीच्या तोंडावर बसवलेलं मोटेचं चाक नाड्याची फक्त दिशा बदलायचं, जोर सगळा बैलांचाच लागायचा. कारण ते चाक जागेवर पक्कं होतं. ओढ दुप्पट करायची असेल तर कप्पी रुतलेल्या ट्रॉलीला बांधायची. रोपचं एक टोक रस्त्याकडेच्या जाड, जित्या झाडाला किंवा दुसऱ्या जड गाडीला बांधायचं, रोप कप्पीतून फिरवायचा आणि दुसरं टोक ट्रकला. ट्रक दोन फूट पुढे गेला की ट्रॉली एक फूट सरकते, पण चार टनांचे जवळपास आठ टन होतात. थोडा ओढ घर्षणात जातो. निम्मा ऊस उतरवलेली 7 टनांची ट्रॉली आता निघते. एक लक्षात ठेवा, कप्पीच्या हुकावर आणि ट्रॉलीच्या चेसिसवर ताणही दुप्पट येतो. त्यामुळे बंपर, यू-बोल्ट असल्या ठिकाणी कधीच अडकवायचं नाही.

जीव जातो तो इथे

ताणलेला वायररोप तुटला की चाबकासारखा उलटा येतो. साखळी तुटली तर हुक गोळीसारखा सुटतो. नायलॉनचा दोर जास्त ताणतो, म्हणून त्याचा फटकाही मोठा. ताण आल्यावर रोप ओलांडायचा नाही. रोप जेवढा लांब, तेवढ्या अंतरात ड्रायव्हर सोडून कुणी थांबायचं नाही. शूटिंगवाल्यांना आणि पोरांना आधी लांब हाकला. रोपच्या मधोमध ओली पोती किंवा जुनं घोंगडं टाका, तुटलाच तर रोप खाली पडतो. साखळीला गाठ मारून काम भागवू नका, गाठीजवळच ती तुटते.

दुसरा धोका ट्रॅक्टरचा. साखळी मागच्या अॅक्सलच्या वर, सीटखाली किंवा टॉपलिंकला बांधली आणि समोरचं ओझं हललं नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो ड्रायव्हरवर उलटा पडतो. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, अॅक्सलच्या खाली. आणि हिसका द्यायचा नाही. आधी रोप ताठ करायचा, मग सावकाश ओढायचा.

ट्रक घ्यायचाच असेल तर

सैन्याच्या निरुपयोगी गाड्या बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाईन लिलावात निघतात. गाडी 'वाहन' म्हणून विकली जातेय की 'भंगार' म्हणून, हे अटींमध्ये नीट वाचा. भंगार म्हणून घेतलेली गाडी रस्त्यावर आणायचा कागद मिळत नाही. बाण असलेला सैन्याचा नंबर विक्रीनंतर चालत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 नुसार गाडी सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की नेहमीसारखी आरटीओकडे नोंदणी करावी लागते. रंगही बदलावा लागतो, कारण ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना चालतो. शक्तिमानचं उत्पादन बंद होऊन पाव शतक उलटलंय, सुटे भाग शोधण्यात चपला झिजतील. आणि डांबरीवर पुढच्या चाकांचा जोर काढायला विसरलात तर गिअर जातात, ते वेगळंच.

व्हॉट्सअॅपवर किंवा जाहिरातीत "मी जवान आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात द्यायचीय" असं कुणी सांगितलं, वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड पाठवलं आणि आधी थोडे पैसे टाकायला सांगितले, तर तो भामटा समजा. सैन्याची गाडी जवान विकत नाही.

एकट्या शेतकऱ्याला हा ट्रक परवडत नाही, हे उघड आहे. वर्षातले चार महिने काम, बाकी दिवस तो दारात गंजणार. एखाद्या कारखान्याने किंवा मोठ्या वाहतूक संस्थेने ठेवला तर गोष्ट वेगळी. गावच्या सोसायटीने त्याऐवजी एक चांगली कप्पी, लांब वायररोप, चार डी-शॅकल, दोन फावडी आणि सहा जाड फळ्या घेऊन ठेवल्या तर हंगामातल्या बहुतेक ट्रॉल्या त्यावरच निघतील. शॅकल आणि कप्पी घेताना त्यावर टनाचा आकडा कोरलेला आहे का बघा. नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी घेऊ नका.