आरोपाला एक दिवस, खुलाशाला ८० दिवस

सव्वासहा तास. शेअर बाजारात एका दिवसाचा नियमित व्यवहार एवढाच वेळ चालतो. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी तेवढ्या वेळात इन्फोसिसचा शेअर १६ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि गुंतवणूकदारांचे ५३ हजार कोटी रुपये बुडाले. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मुख्यालय असलेल्या या कंपनीच्या हिशेबांवर संशय घेणारं एक निनावी पत्र आदल्याच दिवशी उघड झालं होतं.

अशा तक्रारीची चौकशी व्हायलाच हवी. ती झाली. ७७ जणांच्या १२८ मुलाखती, २ लाख १० हजारांहून अधिक कागदपत्रं, ८ टेराबाइटहून अधिक डेटा. घसरणीनंतर ८०व्या दिवशी, १० जानेवारी २०२० रोजी लेखापरीक्षण समितीने सांगितलं, गैरव्यवहाराचा पुरावा सापडला नाही. नाव धुऊन काढायला रोज सरासरी अडीच हजारांवर कागद तपासावे लागले!

इन्फोसिसकडे वकील होते, लेखापाल होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांकडे काय होतं? मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही व्हॉट्सॲपवरची अफवा त्यांच्याआधी गावात पोचली होती. जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. त्यांना खुलासा करायला ८० मिनिटंही मिळाली नाहीत.

खोटं इतकं पळतं का? एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. खोट्यात नवल असतं, धक्का असतो. खुलाशात यातलं काहीच नसतं, म्हणून तो पुढे पाठवावासा वाटत नाही. ज्यांनी अफवा वाचली, त्यातल्या कित्येकांपर्यंत तो जातच नाही. त्यांच्या मनात डाग तसाच राहतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. पाच हा आकडा किरकोळ वाटतो. पण प्रत्येकाने नव्या पाच जणांना पाठवलं, तर तेराव्या टप्प्यावर १२२ कोटी लोक होतात. आणि पहिल्या पाचांपैकी फक्त एकाने हात आवरला, तर त्याच टप्प्यावर २४ कोटी लोकांपर्यंत ते खोटं पोचतच नाही.