चुकलं तरी टाळी सुरू ठेव

क्लासला नाव घालताना आई-वडील हमखास सांगतात, "ताई, घरी छान गाते हो, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. तिला जरा धीट करा." अशा मुलाला मी उपदेश करत नाही. आधी त्याची पट्टी बघते.

सा फार खाली धरला तर लहान मुलाचा आवाज दबतो आणि फार वर धरला तर तार षड्ज ओढून काढावा लागतो. दोन्हीकडे मुलाला वाटतं, आपला गळाच चांगला नाही. म्हणून दोन-तीन पट्ट्यांमध्ये सा-ग-प-सां म्हणवून घ्यायचं. बऱ्याच मुलांना काळी चार-पाचच्या आसपास बरं पडतं, पण ते गृहीत धरायचं नाही. पट्टी जुळली की कालपर्यंत पुटपुटणारं मूल त्याच दिवशी मोकळं गाताना मी पाहिलं आहे.

मग येते पेटी. पलटे म्हणताना पेटीवर प्रत्येक स्वर वाजवत राहिलं की मुलं पेटीच्या मागून अर्ध्या क्षणाने गातात. ऐकणाऱ्याला सुरेल वाटतं, पण मुलाला मनातून कळत असतं की हा सूर आपला नाही. म्हणून पेटीवर मी नुसता सा धरते, आठवडाभराने तोही सोडून फक्त तानपुरा ठेवते. पहिल्या दिवशी आवाज डगमगतात. तेव्हा थांबवायचं नाही, पलटा पुरा होऊन मूल सा वर आलं की त्यालाच विचारायचं, "तानपुऱ्यात मिसळला का?" उत्तर बहुतेकदा बरोबर येतं. आपला कान आपल्याला सांगतो हे कळणं, ही धिटाईची पहिली पायरी.

पहिला राग म्हणून भूप मुलांना सोयीचा पडतो. मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्याने त्यात अर्ध्या स्वराच्या अंतरावरची जोडीच येत नाही. पाचच स्वर, मोकळी अंतरं. त्यातली तीनतालातली बंदिश आधी सगळे मिळून, मग चौघं, मग दोघं म्हणतात. एकट्याची पाळी सर्वांत शेवटी.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी अशीच पहिल्यांदा एकटी गात होती. अंतऱ्याचा एक शब्द सुटला, ती गप्प झाली आणि माझ्याकडे बघू लागली. इलेक्ट्रॉनिक तबला मी बंद केला नाही. म्हटलं, "टाळी सुरू ठेव." बंदिशीचा मुखडा नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठत होता. एक, पाच, तेरा या मात्रांना टाळी, नवव्याला हात मोकळा. तिचे ओठ मात्रा मोजत होते. हात मोकळा झाला, तिने मुखडा धरला आणि आठ मात्रांनी नेमकी समेवर आली. समोर बसलेली पोरं आपसूकच "आऽऽ" म्हणाली. अंतरा तिने पुन्हा घेतला, तोही न विचारता.

"छान, छान" म्हणून मूल तेवढ्यापुरतं खूश होतं. खरा भरवसा येतो तो परत यायची वाट माहीत झाल्यावर. ताल आपल्यासाठी थांबत नाही, पण दर सोळा मात्रांनी सम पुन्हा येतेच. हे ज्याच्या हातात बसलं, त्याला चुकण्याची धास्ती उरत नाही.

वयात येणाऱ्या मुलग्यांना जास्त जपावं लागतं. आवाज फुटत असताना वरचे स्वर अचानक दगा देतात. तेव्हा पट्टी उतरवावी, हातावर ठेके म्हणवून घ्यावेत, एकट्याने गायचा आग्रह काही महिने सोडावा. "हे सगळ्यांचंच होतं" एवढं स्पष्ट सांगितलं तरी मुलगा क्लास सोडत नाही.

पालकांना माझं एकच सांगणं असतं. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" असा हुकूम करू नका आणि रियाजाच्या मध्येच चुका काढू नका. त्यापेक्षा शेजारी बसा आणि म्हणा, "मला हा पलटा शिकव." शिकवता शिकवता मुलाचा आवाज आपोआप मोठा होतो.