विश्लेषण : चकाचक कारखान्यातला न दिसणारा धोका

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरब परिसराला विषबाधेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांनी विष प्यायले नव्हते, ते श्वासातून आणि कातडीतून अंगात गेले होते. आज याच भागातले आयटीआय झालेले तरुण पंप पाठीवर घेण्याऐवजी चाकण, रांजणगावची वाट धरतात. रांजणगावात इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी स्वतंत्र समूह उभारण्यास केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली. एसी, पांढरा अॅप्रन, आरशासारखी फरशी. घरच्यांनाही वाटते, पोरगं सावलीत आहे. पण तिथेही विष शिरण्याच्या वाटा त्याच आहेत, श्वास आणि कातडी.

इतक्या स्वच्छ ठिकाणी धोका कसला?

ही स्वच्छता कामगारासाठी नसते, मालासाठी असते. धुळीचा कण चिपवर बसला तर चिप बाद होते, म्हणून हवा गाळली जाते. मात्र धूळ अडवणारी गाळणी रसायनांच्या वाफा अडवत नाही. हवा तीच तीच फिरवली जात असेल तर वाफाही तिथेच फिरतात. सर्किट बोर्डावर सोल्डरिंग करताना निघणारा धूर दम्याला कारण ठरू शकतो. स्क्रीन आणि सुटे भाग पुसायला, चिकटवायला वेगवेगळी द्रावणे लागतात. शिवाय लिथियम बॅटऱ्या असतात, त्यांची आग साध्या आगीसारखी विझत नाही. प्रत्येक कारखान्यात हे सगळे असतेच असे नाही. केवळ जोडणी करणाऱ्या कारखान्यापेक्षा चिप बनवणाऱ्या कारखान्यात रसायनांचा वापर कितीतरी जास्त असतो.

प्रत्यक्षात असे कुठे घडले आहे?

चीनमधील सुझोऊ इथल्या ‘विंटेक’ कारखान्यात ॲपलसाठी टचस्क्रीन बनत. स्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरायला सुरुवात झाली, कारण ते लवकर उडून जाते आणि काम पटापट होते. हे रसायन नसांवर घाला घालते. २००९ मध्ये कामगारांचे हातपाय बधिर होऊ लागले, काहींना चालणे अवघड झाले. बाधितांची संख्या १३७ असल्याचे ॲपलने नंतर मान्य केले.

दक्षिण कोरियात २०१५-१६ मध्ये मोबाइलचे भाग बनवणाऱ्या छोट्या पुरवठादार कारखान्यांत इथेनॉलऐवजी स्वस्त मिथेनॉल वापरले गेले. एजन्सीमार्फत लागलेल्या तरुण कामगारांची दृष्टी त्यात गेली. गावठी दारूत मिथेनॉल मिसळल्याने डोळे आणि जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, ते हेच मिथेनॉल. फरक इतकाच की इथे कोणी घोटही घेतला नव्हता.

त्याच देशात सॅमसंगच्या चिप कारखान्यातली हवांग यु-मी २००७ मध्ये वयाच्या २२व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्यासारख्या पीडितांच्या भरपाईचा अंतिम करार व्हायला २०१८ उजाडले. २४ जून २०२४ रोजी ह्वासाँग इथल्या ‘अॅरिसेल’ या लिथियम बॅटरी कारखान्यातील आगीत २३ कामगार दगावले. त्यात बहुतेक परदेशातून आलेले होते. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये होसूरजवळच्या टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात आग लागली. जीवितहानी झाली नाही, पण धुरामुळे काही कामगारांना श्वासाचा त्रास झाला.

यवतमाळच्या घटनेशी याचे साम्य काय?

नाव. आपण कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतो. दोन-तीन डबे एकत्र करून पंपात ओतलेले ते ‘औषध’ नेमके कोणते, हे पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला अनेकदा ठाऊक नसते. कारखान्यातही लाइनवर ‘क्लीनर’, ‘थिनर’ अशीच नावे चालतात. बाटलीतला माल बदलला तरी नाव तेच राहते. मास्क आणि हातमोजे हवेतच, पण कोणत्या रसायनासाठी कोणता हातमोजा लागतो हे नाव कळल्याशिवाय ठरत नाही. प्रत्येक रसायनासोबत ‘सेफ्टी डेटा शीट’ हा माहितीचा कागद असतो. त्यात नाव, धोके आणि प्रथमोपचार दिलेले असतात. तो मागून घ्यावा. अनेक कारखान्यांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोटो काढता येईलच असे नाही. नाव वहीत लिहून ठेवलेले बरे.

कायदा काय सांगतो?

१९४८च्या कारखाने कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला आहे. नेमणूकपत्रही बंधनकारक आहे. राज्यात तक्रारीसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे.

मात्र दोन गोष्टी खटकतात. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या पूर्वी १० कामगारांपासून लागू होत असे, ती आता २० वर गेली. कोरियातले मिथेनॉल छोट्या पुरवठादारांकडेच वापरले गेले होते, हे इथे आठवावे. दुसरे म्हणजे, सरकारने गाजावाजा केलेली मोफत वार्षिक आरोग्य तपासणी चाळिशीपुढच्या कामगारांसाठी आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर उभी असतात ती विशीतली मुले-मुली.

भरपाई कोणाला मिळते?

दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू होते, कंत्राटी कामगारांनाही. कामावर इजा झाल्यास किंवा कामामुळे आजार जडल्यास उपचार मिळतात आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. अपघातातल्या इजेसाठी किती दिवस नोकरी झाली ही अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. आयटीआयनंतर अनेक जण ‘अप्रेंटिस’ म्हणून लागतात. त्यांना ईएसआय नसते, त्यांची भरपाई थेट मालकाने द्यायची असते. म्हणून आपण कामगार आहोत की अप्रेंटिस, हे नेमणुकीच्या कागदावर आधीच वाचून घ्यावे.

गावी परतल्यावर त्रास सुरू झाला तर?

फवारणीची विषबाधा बहुधा काही तासांत दिसते. कारखान्यातील रसायनांचा परिणाम काही महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो. तोवर कंत्राट संपलेले असते आणि पोरगा घरी आलेला असतो. पायाला मुंग्या येतात म्हणून तो दारव्हा किंवा यवतमाळच्या डॉक्टरकडे गेला, तर तिथे व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर भागण्याची शक्यता मोठी. डॉक्टरने विचारले नाही तरी आपण कुठे, किती महिने आणि कोणत्या द्रावणाने काय पुसत होतो हे सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. पगाराच्या पावत्या, ओळखपत्राची प्रत आणि ईएसआय क्रमांक नोकरी सुटल्यावरही जपून ठेवावा. आजार कामामुळेच जडला हे दाखवण्याची वेळ आली, तर हेच कागद उपयोगी पडतात.