पहिले स्लाइड-सादरीकरण : संगणक व प्रोजेक्टर यांची पूर्वसिद्धता

संमेलनांतून व परिसंवादांतून शोधनिबंध केवळ वाचून दाखविण्याची पद्धत आता मागे पडली आहे. रुग्णानुभव असो, एखाद्या कल्पाचे मानकीकरण असो वा औषधनिर्मितीतील नवा प्रयोग असो, श्रोते पडद्याकडे पाहतात आणि वक्त्यास बहुधा दहा ते पंधरा मिनिटे मिळतात. त्यांतील चार मिनिटे तारा जुळविण्यात गेली व संहितेतील श्लोकाच्या जागी पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटली, तर हानी यंत्राची होत नाही. अनेक वर्षांच्या निरीक्षणाची होते. याहून गंभीर गोष्ट अशी की, रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती याच पडद्यावरून भर सभेत उघड होऊ शकते. म्हणून प्रथमच सादरीकरण करू इच्छिणाऱ्या चिकित्सकांसाठी व औषधी निर्माते-विक्रेत्यांसाठी या विषयाची मांडणी आम्ही आपल्या परिचयाच्या त्रिविध कर्माच्या क्रमाने करीत आहोत.

पूर्वकर्म : फाइलची सिद्धता

प्रथम विचार देवनागरी अक्षरांचा. श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवितो. त्यावर देवनागरी आकाराचे केवळ आवरण असते. सभागृहातील संगणकात तो फॉन्ट नसला की आवरण गळून पडते आणि खालची निरर्थक अक्षरे दिसू लागतात. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा संकेत असतो. त्यामुळे एक फॉन्ट नसला तरी दुसरा त्याची जागा घेतो. फार तर ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते. जुने लेखन परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येते, परंतु त्यानंतर रफार, विसर्ग, अवग्रह व जोडाक्षरे एकेक करून तपासावीत. संस्कृत वचनात अशा ठिकाणी हमखास दोष राहतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, निर्मला यूआय हा युनिकोड फॉन्ट विंडोजबरोबरच येतो. त्याचा वापर केल्यास बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. याशिवाय संपूर्ण सादरीकरणाची एक पीडीएफ प्रत अवश्य करून ठेवावी. तीत हालचाली दिसत नाहीत, परंतु अक्षरे जशीच्या तशी राहतात.

दुसरा विचार आकाराचा. पॉवरपॉइंटच्या २०१३ च्या आवृत्तीपासून नवी स्लाइड मुळातच १६:९ या रुंद प्रमाणात उघडते; अनेक जुने प्रोजेक्टर मात्र ४:३ प्रमाणाचे आहेत. रुंद स्लाइड अशा प्रोजेक्टरवर दाखविली तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्राच्या उंचीचा चौथा भाग वाया जातो. म्हणून आयोजकांस आधी विचारून त्या प्रमाणातच स्लाइड कराव्यात. तयार झालेल्या स्लाइडचे प्रमाण मागाहून बदलल्यास छायाचित्रे ताणली गेली नाहीत ना, हे पाहावे.

अक्षरे किती मोठी असावीत? देवनागरीत मात्रा, वेलांट्या व उकार यांमुळे एका ओळीत अधिक उंची लागते. सामान्य मजकुरास २८ पॉइंटांहून लहान अक्षर नसावे आणि एका स्लाइडवर सहा-सात ओळींहून अधिक मजकूर नसावा. याची एक सोपी परीक्षा आहे. पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहा पट अंतरापर्यंत बसलेल्या श्रोत्यास मजकूर सुखाने वाचता यावा, असा स्थूल नियम आहे. साधारण साडेपंधरा इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची १९ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजेच लॅपटॉपपासून चार फूट दूर उभे राहून जी स्लाइड वाचता येत नाही, ती सभागृहातील शेवटच्या रांगेलाही वाचता येणार नाही.

रुग्णाची गोपनीयता

हा भाग तांत्रिक वाटला तरी तो वैद्यधर्माचाच भाग आहे. छायाचित्र दाखविण्यासाठी रुग्णाची लेखी संमती घ्यावी व तीत सभेत दाखविण्याचा स्पष्ट उल्लेख असावा. केवळ डोळ्यांवर काळी पट्टी टाकल्याने ओळख लपत नाही. शक्य तेथे विकारग्रस्त भागाचेच छायाचित्र घ्यावे.

येथे एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पॉवरपॉइंटमध्ये छायाचित्र कापून चेहरा वगळला तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. फाइल ज्याच्या हाती जाईल त्यास तो पुन्हा उघडता येतो. त्याचप्रमाणे रक्ततपासणीच्या अहवालावरील नावावर काळा चौकोन ठेवला, तर तो चौकोन बाजूला सरकविता येतो. आयोजक फाइलची प्रत मागून घेतात व ती पुढे अनेकांकडे जाते, हे ध्यानात घेता हा दोष क्षुल्लक नव्हे. उपाय असा : छायाचित्राची कापणी आधी स्वतंत्र चित्र-कार्यक्रमात करून नवी प्रत जतन करावी आणि तीच स्लाइडमध्ये घालावी. अहवालातील नाव व नोंदणी क्रमांक यांबाबतही तसेच करावे.

चिकित्सेपूर्वीचे व चिकित्सेनंतरचे छायाचित्र एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून घेतलेले असावे. त्यांतील एकाची उजळणी करणे म्हणजे पुराव्यात भेसळ करणे होय.

औषधी निर्मात्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. औषधे व जादूटोणासदृश उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय अधिनियमात जाहिरातीची व्याख्या छापील कागदापुरती मर्यादित नाही. तोंडी केलेली तसेच प्रकाश वा ध्वनी यांच्या साधनांनी केलेली घोषणाही तीत येते. मधुमेह, कर्करोग, कोड इत्यादी अनेक विकार त्या अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. म्हणून सर्वसामान्य जनतेपुढे स्लाइड दाखविताना अशा विकारांवर आपले उत्पादन हमखास उपाय असल्याचा दावा पडद्यावर येता कामा नये.

प्रधानकर्म : सभागृहातील जुळणी

सभेच्या किमान अर्धा तास आधी सभागृहात पोहोचावे. लॅपटॉपला चित्र बाहेर नेण्याची कोणती खाच आहे, हे घरीच पाहून ठेवावे. जुन्या प्रोजेक्टरवर बहुधा पंधरा टाचण्यांची निळी व्हीजीए जोडणी असते. १९८७ पासून चालत आलेली ही पद्धत केवळ चित्र वाहून नेते, ध्वनी नाही. एचडीएमआय तारेतून चित्र व ध्वनी दोन्ही जातात. नव्या पातळ लॅपटॉपवर केवळ यूएसबी-सी खाच असते, आणि अशी प्रत्येक खाच चित्र देतेच असे नाही. म्हणून आपल्या लॅपटॉपवर तपासलेला जोडतुकडा स्वतःजवळ बाळगावा; आयोजकांवर विसंबू नये.

जुळणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम तार जोडावी, मग प्रोजेक्टर सुरू करून त्यावर योग्य स्रोत निवडावा आणि नंतर लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून धरून पी दाबावे. येथे दोन पर्याय महत्त्वाचे आहेत. पहिल्यात लॅपटॉपवर जे असेल तेच पडद्यावर दिसते. दुसऱ्यात पडदा हा लॅपटॉपचा विस्तार मानला जातो. नवशिक्यास पहिला पर्याय सोपा वाटतो, परंतु त्यात एक धोका आहे. भाषण चालू असताना एखाद्या रुग्णाचा संदेश आला तर त्याचे नाव व तक्रार सर्व सभेस दिसते. विस्ताराचा पर्याय घेतल्यास पडद्यावर केवळ स्लाइड जाते आणि वक्त्याच्या लॅपटॉपवर पुढील स्लाइड, टिपणे व घड्याळ दिसते. पर्याय कोणताही असो, संदेशांचे कार्यक्रम बंद करावेत, सूचना थांबवाव्यात आणि सभा संपेपर्यंत इंटरनेट तोडून ठेवावे.

प्रोजेक्टर किती अंतरावर ठेवावा याचे गणित सोपे आहे. प्रत्येक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत अंतर व चित्राची रुंदी यांचे गुणोत्तर दिलेले असते. ते १.५ असेल आणि पडदा २.४ मीटर रुंद असेल, तर प्रोजेक्टर ३.६ मीटर अंतरावर ठेवावा. चित्र वर रुंद व खाली अरुंद दिसल्यास प्रथम प्रोजेक्टरच सरळ करावा. त्याची कीस्टोन सोय वापरल्यास आकार नीट होतो, पण अक्षरांची स्पष्टता थोडी घटते.

प्रोजेक्टर काळा रंग निर्माण करू शकत नाही. पडद्यावरील काळा म्हणजे प्रकाश न पडलेला पडदाच होय. त्यावर दिव्याचा वा खिडकीचा उजेड पडला की सर्व चित्र फिकट होते. म्हणून पडद्याजवळचे दिवे मालवावेत. श्रोत्यांकडील मंद दिवे चालू राहण्यास हरकत नाही. त्वचाविकार वा जिह्वापरीक्षण यांची छायाचित्रे दाखविणाऱ्यांनी रंग आधी पडद्यावर पाहून घ्यावेत. अतितेजस्वी रंगपर्यायात अनेक प्रोजेक्टर हिरवट छटा देतात. सिनेमाचा पर्याय बहुधा अधिक खरा रंग दाखवितो.

प्रत्यक्ष भाषणात थोड्याच कळा लागतात. एफ ५ ने सादरीकरण आरंभापासून सुरू होते; शिफ्टसह एफ ५ दाबल्यास समोरच्या स्लाइडपासून सुरू होते. बी दाबल्यास पडदा काळा होतो व लक्ष वक्त्याकडे येते. पुन्हा बी दाबल्यास चित्र परत येते. प्रश्नोत्तरांत बारावी स्लाइड हवी असल्यास १२ टंकून एंटर दाबावे. स्लाइडवरील मजकूर शब्दशः वाचून दाखवू नये. तो श्रोते स्वतः वाचतात.

वीज गेल्यास लॅपटॉप बॅटरीवर चालेल, प्रोजेक्टर चालणार नाही. म्हणून मुख्य मुद्द्यांचा एक छापील कागद हाती असावा. ज्यास आपला विषय पडद्याविना पाच मिनिटांत सांगता येतो, त्याचेच सादरीकरण पडद्यासह उत्तम होते.

पश्चात्कर्म

सादरीकरण संपल्यावर दिवा असलेल्या प्रोजेक्टरची वीज एकदम तोडू नये. बटणाने बंद करून पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी. अन्यथा आतील उष्णता बाहेर न गेल्याने दिव्याचे आयुष्य घटते. आयोजकांच्या संगणकावर फाइल उतरविली असल्यास ती पुसावी व कचरापेटीतूनही काढून टाकावी. तेथे स्वतःची ईमेल उघडली असल्यास ती बंद केल्याची खात्री करावी. अनेक संगणकांत फिरलेला पेनड्राइव्ह चिकित्सालयातील संगणकास जोडण्यापूर्वी विषाणूंसाठी तपासावा. त्या संगणकात सर्व रुग्णांच्या नोंदी असतात.

पूर्वकर्म नीट झाले असता प्रधानकर्मातील उपद्रव टळतात, हे चिकित्सकांस निराळे सांगावयास नको. संमेलनाच्या आठ दिवस आधी एकदा सर्व साहित्य जोडून, घड्याळ लावून, घरच्या वा मित्रमंडळींच्या समोर संपूर्ण सादरीकरण करून पाहावे. आपल्या अनुभवांची नोंद शास्त्रशुद्ध रीतीने इतरांपुढे यावी, हीच यामागील अपेक्षा आहे. यंत्र हे त्यासाठीचे केवळ उपकरण होय.