चावी अडकली तर जोर लावू नका

गाडीची चावी इग्निशनमध्ये अडकणे ही दिसायला क्षुल्लक बाब आहे. परंतु पहाटे बाजारात माल उतरवून गाडी बंद करायला जावे आणि चावी निघू नये, तर धंद्याचा अर्धा दिवस वाया जातो. चावी लॉकमध्ये असल्याने गाडी सोडूनही जाता येत नाही. मग घाईघाईने पक्कड लावून चावी ओढली जाते, ती तुटते आणि जे काम पाच मिनिटांत फुकट झाले असते त्यासाठी अख्खे लॉक बदलण्याची पाळी येते. आमच्या वाचकांत टेम्पो आणि पिकअप बाळगणारे व्यापारी आहेत, तसेच गॅरेजवाले व चावी बनविणारे कारागीरही आहेत. दोघांच्याही उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे देत आहोत.

लॉकच्या आत काय असते?

इग्निशन लॉकच्या आत एक फिरणारे नळकांडे असते. मेकॅनिक त्याला बॅरल म्हणतात. बॅरलमध्ये पातळ पितळी पट्ट्या ओळीने बसविलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीमागे बारीक स्प्रिंग असते. योग्य चावी आत गेली की सर्व पट्ट्या बॅरलच्या पातळीत येतात आणि बॅरल फिरते. चावी बाहेर येताना तिच्या दात्यांप्रमाणे या पट्ट्यांना वर-खाली व्हावे लागते. बॅरल फिरलेले असताना भोवतीच्या कवचामुळे त्यांना हलायला जागाच नसते. ती जागा फक्त लॉक या खुणेवर मिळते. म्हणजे चावी निघत नसेल तर एक तर बॅरल त्या खुणेपर्यंत पूर्ण आलेले नाही, किंवा पट्ट्या हलत नाहीत, किंवा चावीच बिघडली आहे. यापैकी काय झाले आहे ते आधी ओळखावे, मगच हात घालावा.

आधी बिनखर्चाचे उपाय

पहिली गोष्ट, चावी खरोखरच लॉकच्या खुणेवर आली आहे का ते पाहावे. पुष्कळ गाड्यांत ॲक्सेसरीवरून लॉकवर येताना चावी किंचित आत दाबावी लागते. काही जुन्या गाड्यांत शेजारी एक लहान बटण असते. चालत्या गाडीत चुकून चावी निघू नये आणि स्टिअरिंग जाम होऊ नये यासाठी ही सोय केलेली असते. नवा ड्रायव्हर हे न जाणता चावी नुसतीच ओढत राहतो.

दुसरी गोष्ट, स्टिअरिंग. चावी काढल्यावर एक पोलादी खुंटी स्टिअरिंगच्या दांड्यातील खाचेत बसते. चाक फुटपाथला टेकून गाडी उभी केली असेल तर त्या खुंटीवर ताण येतो आणि चावी फिरेनाशी होते. अशा वेळी एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्या हाताने चावी हळू फिरवावी. ताण सुटला की चावी आपोआप फिरते.

तिसरी गोष्ट ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांपुरती आहे. पार्किंगची खूण असलेल्या गाड्यांत गिअर पूर्णपणे तेथे आल्याशिवाय चावी सुटत नाही. काही गाड्यांत ही सुटका विजेवर चालते. त्यामुळे बॅटरी उतरली असेल तरीही चावी अडकते. तेव्हा लॉक खोलण्यापूर्वी बॅटरी तपासावी.

धूळ आणि तेल

वरील तिन्ही गोष्टी ठीक असतील तर दोष बहुधा घाणीचा असतो. कोकणात दमट खाऱ्या हवेने बारीक स्प्रिंगांना गंज चढतो. भिवंडी-मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत हवेत सुताची कसर असते, ती लॉकमध्ये शिरते. त्यावर कोणी खोबरेल किंवा इंजिनचे तेल सोडले की दोन दिवस चावी लोण्यासारखी फिरते. नंतर तेच तेल धूळ व कसर धरून चिकट लगदा बनते आणि पट्ट्या जागच्या जागी बसतात.

लॉकला कोरडे वंगण हवे. ग्राफाईटची पूड चिमूटभर पुरते. ती नसल्यास मऊ शिसाची पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासून चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा गंज व मळ सुटण्यास उपयोगी आहे. पण त्याचा गुण फार काळ टिकत नाही, म्हणून लॉक वाळल्यावर कोरडे वंगण द्यावे.

झिजलेल्या चावीची नक्कल

चावी वाकली आहे का हे सपाट काचेवर ठेवून कळते. किंचित वाकली असेल तर कारागीर ती सरळ करू शकतो, पण वाकलेल्या जागी धातू कमजोर झालेला असतो. ती चावी नमुन्यापुरती ठेवून दुसरी वापरावी.

येथे एक मोठी चूक सर्रास होते. दहा वर्षे वापरून झिजलेली चावी देऊन तिची नक्कल करून घेतली जाते. नक्कल झिजेचीही होते आणि नवी चावी पहिल्या दिवसापासून अडकते. नव्या गाडीबरोबर मिळालेली, न वापरलेली दुसरी चावी नमुन्यासाठी द्यावी. पुष्कळ गाड्यांबरोबर चावीचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टीही मिळते. त्या क्रमांकावरून मूळ मापाची चावी कापता येते. ही पट्टी गाडीत न ठेवता घरी जपून ठेवावी.

आजच्या बहुतेक मोटारींच्या चावीत चिप असते. बिनचिपेची नक्कल दार उघडते, लॉकही फिरते, पण इंजिन चालू राहत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगणे कारागिराच्या हिताचे आहे.

चावी तुटली तर

तुकडा आत राहिल्यास फेविक्विक लावून ओढण्याचा प्रयत्न करू नये. तो चिकट पदार्थ पट्ट्यांवर पसरला की लॉक कायमचे जाते. आधी बॅरल लॉकच्या खुणेवर आणावे. त्याशिवाय तुकडा निघणार नाही. मग थोडे वंगण देऊन बारीक करवतीचे पाते दाते बाहेरच्या दिशेला ठेवून तुकड्याच्या कडेने सरकवावे आणि हळू ओढावे. लॉक खोलायचेच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबावे. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, तिच्याशी खेळ करू नये.

स्टार्टवरून चावी सोडताच ती स्वतःहून ऑनवर परत आली पाहिजे. ती तेथेच अडकली तर स्टार्टर फिरतच राहतो आणि जळतो. असे झाल्यास ताबडतोब निगेटिव्ह वायर काढावी. हा दोष दिसू लागला की गाडी आणखी चालवू नये.

जड जुडग्याचा धोका

दुकान, गोदाम, गल्ला आणि घर यांच्या सगळ्या चाव्या गाडीच्या चावीला अडकविण्याची आपल्या व्यापाऱ्यांची सवय आहे. ते ओझे गाडीच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर लॉक झिजवते. प्रश्न केवळ झिजेचा नाही. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या काही गाड्यांत इग्निशन स्विच सदोष व ढिला होता. जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी ऑनवरून मागे सरके, चालती गाडी बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. २०१४ साली कंपनीला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि भरपाई योजनेत १२४ मृत्यू मान्य करण्यात आले. गाडीची चावी नेहमी एकटी ठेवावी.

कारागिरांसाठी दोन शब्द

चावी बनविणाऱ्याच्या हातात लोकांची मालमत्ता असते. नवी चावी किंवा लॉक करून देण्यापूर्वी आर.सी. आणि ओळखपत्र पाहावे, वहीत गाडीचा नंबर व तारीख लिहून ठेवावी. यात गिऱ्हाइकाचा अपमान नाही, उलट चोरीच्या गाडीच्या भानगडीतून आपलाच बचाव आहे. तसेच चिमूटभर ग्राफाईटने भागणारे काम असेल तर लॉक बदलण्याचा खर्च सांगू नये. ज्याचे काम थोडक्यात झाले तो गिऱ्हाईक पुढच्या वेळी चार माणसे घेऊन येतो.

तात्पर्य, चावी जड जाऊ लागली की त्याच आठवड्यात तिची दखल घ्यावी. लॉक एका दिवसात बिघडत नाही. ते आधी पुष्कळ दिवस सूचना देत असते.