पांडुरोगाचें कोडें

गर्भवती स्त्रीला हल्लीं डॉक्टर लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी देतात. या गोळीचा इतिहास मुंबईंत सुरू झाला, हें फारसें कोणास ठाऊक नसतें.

इ. स. १९२८ मध्यें डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. त्यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. वैद्यकाकडे त्या उशिरां वळल्या आणि १९२० मध्यें डॉक्टर झाल्या.

मुंबईच्या कापड-गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांत त्या काळीं एक विचित्र पांडुरोग आढळे. गर्भारपण पुढें सरकलें कीं चेहरा पांढराफटक पडे, धाप लागे, आणि पुष्कळदां माता व मूल दोन्हीं हातचीं जात. सूक्ष्मदर्शकाखालीं रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. माता-मृत्यूंची जी चौकशी हाफकिन संस्थेंत चालली होती, तींत या रोगाचें मूळ शोधण्याचें काम विल्सबाईंकडे आलें.

नुसतें रुग्णाच्या खाटेपाशीं बसून हें कोडें सुटण्यासारखें नव्हतें. या स्त्रिया घरीं खातात काय, हें बाईंनीं पाहिलें. ज्यांचें अन्न अधिक निकस, त्यांच्यांत रोग अधिक. गरीब मुसलमान स्त्रियांची स्थिति सर्वांत वाईट होती. मग तशाच आहारावर त्यांनीं उंदीर ठेविले. तेही पांडुरोगी झाले. आहारांत यीस्ट, म्हणजे पाव फुगविणारें किण्व, घातलें असतां बचावले. पण पुढें कळलें कीं, उंदरांना उवा झाल्या होत्या आणि त्यांच्यामुळें होणारा एक संसर्ग या रोगांत मिसळला होता! इतक्या श्रमांवर असें पाणी पडलें म्हणजे कोणाचाही धीर सुटावा. बाईंनीं माकडें घेऊन सारा खटाटोप पुन्हां आरंभिला, आणि निष्कर्ष टिकला.

त्या वेळीं घातक पांडुरोगावर यकृत हा रामबाण उपाय समजला जाई; अमेरिकेंत मायनॉट व मर्फी यांनीं तो १९२६ मध्यें पुढें आणला होता. परंतु गिरणी-कामगारणीला यकृताचा खर्च कोठून झेपणार? विल्सबाईंनीं मार्माइट देऊन पाहिलें. मार्माइट म्हणजे बिअर तयार केल्यावर उरणाऱ्या किण्वाचा काळसर, खारट अर्क. इंग्लंडांत तो पावाला लावून खातात. सोवळ्याओवळ्याच्या घरांत ही वस्तु उंबऱ्याआंत आली नसती, हें उघड आहे. पण अगदीं खंगलेल्या बायका तिनें सावरल्या. हा वृत्तांत १९३१ मध्यें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला.

याहून मोलाचें निरीक्षण पुढचें. या रोग्यांना यकृताच्या कच्च्या अर्कानें गुण येई, शुद्ध केलेल्या अर्कानें येत नसे. शुद्ध करतांना कांहींतरी निसटत होतें! तें घातक पांडुरोग बरा करणाऱ्या द्रव्याहून निराळें असलें पाहिजे, असें बाईंनीं मांडलें. तसेंच ठरलें. १९४१ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें केलें आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हें नांव दिलें. १९४५ मध्यें तें प्रयोगशाळेंत घडविणाऱ्या मंडळींचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रचे होते. घातक पांडुरोगावरचें दुसरें द्रव्य, म्हणजे 'ब१२' जीवनसत्त्व, १९४८ मध्यें हातीं लागलें.

विल्सबाई १९४७ मध्यें लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांतून निवृत्त झाल्या, तरी जमेका, फिजी अशा दूरच्या मुलखांत जाऊन त्या आहार व पांडुरोग यांचा शोध घेतच राहिल्या. १९६४ मध्यें त्यांचें निधन झालें. हेंच आम्ल गर्भधारणेच्या आधींपासून घेतल्यास मुलाच्या मेंदूचे व पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष बव्हंशीं टळतात, हें १९९१ मध्यें सिद्ध झालें. तें पाहावयास त्या नव्हत्या.