वूफर वॅटनं नाही, मिलिमीटरनं मरतो!

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गणपती विसर्जन असो की लग्नाची वरात, बेस-टॉप लागतातच. मिरवणूक ऐन रंगात येते आणि एखादा वूफर ‘टक् टक्’ करायला लागतो. ऑपरेटर म्हणतो, “वॅट तर बरोबर होते की!” मग बिघडलं काय?

सांगतो. कोनला मागून व्हॉइस कॉइल जोडलेली असते. ती चुंबकाच्या फटीत पुढं-मागं पळते. ठरावीक मिलिमीटरपर्यंत ती चुंबकाच्या ताब्यात राहते; ही मर्यादा म्हणजे एक्समॅक्स. त्यापुढं आवाज फाटायला लागतो. अजून ताणलं, तर कॉइल मागच्या लोखंडी प्लेटवर आपटू शकते. तीच ती टकटक!

आता गंमत बघा. बंद पेटीत आवाज तेवढाच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली, तर कोनला चौपट सरकावं लागतं. 80 हर्ट्झला 2 मिलिमीटर लागत असतील, तर 40 ला 8 आणि 20 ला तब्बल 32! पोर्टवाल्या पेटीत तर ट्यूनिंगच्या खाली हवेचा आधारच सुटतो. कोन मोकाट हलतो, ऐकू मात्र फारसं येत नाही.

वॅटचा आकडा मुख्यतः कॉइल किती तापणं सोसेल तेवढंच सांगतो. म्हणून क्रॉसओव्हरवर हाय-पास फिल्टर लावा, पेटीच्या ट्यूनिंगच्या जरासा खाली. आणि टकटक ऐकू आली, की आधी आवाज कमी करा. कर्ज काढून घेतलेला सेट आहे राव, एका गाण्यापायी घालवू नका!